बिनफटीचा ओटा

त्या गावच्या मातीला एका जागी बसायची सवय नव्हती. काळी, चिकण आणि स्वभावानं हट्टी. पाणी मिळालं की फुगायची, उन्हाळा लागला की आक्रसून अशी भेगाळायची, की एकदा शिंप्याची सायकल उभीच्या उभी भेगेत गेली. पुढच्या पावसाळ्यात मातीनं ती परत वर दिली, आणि शिंपी शपथेवर सांगायचा की दोन्ही चाकांत हवा भरलेली होती. हेडमास्तरांच्या कुंपणाची हकिकत तर सगळ्यांना पाठ. माती दर पावसाळ्यात खांबांना वीतभर उचलायची आणि उन्हाळ्यात जरा बाजूला सरकवून खाली ठेवायची. असं करत करत कुंपण शेजाऱ्याच्या आवारात शिरलं आणि तिथं बांधलेली शेळी हेडमास्तरांच्या हद्दीत आली. हेडमास्तर वर्षभर तिचं दूध प्यायले आणि वर म्हणाले, "मी काय केलं? मी तर जागचा हललोसुद्धा नाही. शेळीपण नाही."

अशा गावात रोवलेला खांब रोवल्या जागी ठेवणारा माणूस एकच, मिस्त्री. कुंपणं, घरामागचे फळ्यांचे ओटे, ओट्यांवरची छपरं, सगळं त्याच्या हातचं. खांबाचा खड्डा तो मडक्यासारखा खणायचा, वर अरुंद आणि खाली रुंद, आणि टणक मुरूम लागेपर्यंत थांबायचा नाही. तळाला खडी, मग खांब. "मातीनं खांबाचा पाय धरला तर धरू दे," तो म्हणायचा. "मान धरली की उचललाच म्हणून समजा."

पण हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं मिस्त्रिणीचं. लग्न झाल्यापासून ओळ धरायच्या सुताचं दुसरं टोक तिच्या हातात. मिस्त्री खांब धरायचा, ती लांब उभी राहून एक डोळा मिटायची, मान जराशी कलती करायची आणि म्हणायची, "तुमच्याकडे घ्या. थोडं अजून. अहो, थोडं म्हटलं, सासरी नाही धाडायचंय त्याला." आणि मग, "बस." तिनं बस म्हटलेला खांब पुन्हा हलला असं कुणी पाहिलं नाही. लोक म्हणायचे, माती मिस्त्रीला मानते आणि मिस्त्रिणीला भिते.

तर अशी ही बाई, वाऱ्यावादळात छपराच्या वाशांवरून चालत गेलेली, एके दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून पडली. उंबरा बोटभर उंच. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. मिस्त्रीण म्हणाली, बघू.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी वॉकर आणून दिला, चार पायांचा, चकचकीत. काही दिवसांत त्यावर टॉवेल वाळत पडला, मग मिस्त्रीचा सदरा, मग धुण्याचा सगळा पसारा. मिस्त्रीण नवऱ्याचा हात घट्ट धरून न्हाणीघरापर्यंत जायची, परत यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. एकटीनं एक पाऊल टाकत नव्हती. ताई शेवटी हताश होऊन म्हणाल्या, "काका, हाड माझं ऐकतं हो. काकू ऐकत नाहीत."

मग लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात राहायची. "बाबा, आईला मी नेते. उन्हाळा सरला की गाडी घेऊन येते. इथं लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवते." मिस्त्रीला वाटलं, आता मिस्त्रीण फटकन नाही म्हणेल. ती म्हणाली, "ने गं बाई. इथं नुसती ओझं होऊन पडलेय."

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं स्वतःच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि सगळा कप संपवला. त्याला पत्ताही लागला नाही.

लेकीकडे त्याला जागा नव्हती असं नाही. पण त्याला एक पक्कं ठाऊक होतं. ही एकदा त्या लिफ्टच्या घरात गेली की पुन्हा सुताला हात लावणार नाही, भिंतीकडचं तोंड पुन्हा वळवणार नाही. आणि पलीकडचं टोक धरायला ती नसली तर मिस्त्री म्हणजे हातोडा घेतलेला एक म्हातारा, बाकी काही नाही.

तेव्हा त्यानं डाव टाकला.

मिस्त्रिणीच्या खोलीला मागच्या आवारात उघडणारं एक दार होतं. त्या दाराबाहेर, खोलीच्या जमिनीशी अगदी बरोबरीत, ओटा बांधायचा आणि वर छप्पर घालायचं. पायरी नको, चढ नको, खोलीतून सरळ बाहेर. ही झाली उघड गोष्ट. आतली गोष्ट अशी की बांधताना मिस्त्री मुद्दाम चुकणार होता. मिस्त्रिणीनं आयुष्यात खूप काही सोसलं होतं, दुखणी सोसली, मिस्त्रीचं गाणं सोसलं. वाकडं काम मात्र तिला सोसत नसे. डॉक्टरांच्या खोलीतली तिरपी फळी सरळ करून घेतल्याशिवाय तिनं त्यांना नाडीसुद्धा दाखवली नव्हती. आपल्याच दारात कुणी वाकडं काम करतंय म्हटल्यावर ती उठेल, तरातरा बाहेर येईल आणि सूत हातातून हिसकावून घेईल, असा मिस्त्रीचा हिशेब.

ऐन उन्हाळ्यात त्यानं पहिला खड्डा घेतला आणि गुडघाभर खणून मुद्दाम थांबला. खडी ओतायला घमेलं उचललं, तोच खोलीतून आवाज आला.

"झालं?"

"झालं की."

"पहारेचा आवाज अजून मऊ येतोय. मुरूम लागला की टण्ण वाजतं. खणा खाली."

मिस्त्री हिरमुसला आणि खणत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं तुळया घराकडे उतार देऊन बसवल्या आणि वर एक फळी टाकून बादलीभर पाणी ओतलं. "अहो," आतून आवाज, "पाणी माझ्या भिंतीशी येऊन पडतंय. उतार आवाराकडे. अंगठ्याच्या जाडीचा. का अंगठा कुठं ठेवून आलात?" तिसऱ्या दिवशी स्क्रूऐवजी खिळे ठोकले. "आपण कधीपासून खिळे ठोकायला लागलो? या मातीत वर्षाच्या आत सगळे डोकं वर काढून बसतील." छपराचा मोहरा चुकवला, तर दुपारी कलत्या उन्हाचा पट्टा तिच्या उशीवर आला. "ऊन डोळ्यात शिरतंय. पश्चिमेची बाजू खाली आणा. आणि भिंतीजवळ वारा जायला मोकळी जागा सोडा, नाहीतर पहिल्या वादळात छपराबरोबर तुम्हीपण उडाल. मी शोधायला यायची नाही."

म्हणजे झालं काय, की तिनं भिंतीकडचं तोंडही न वळवता, पडल्या पडल्या, नुसत्या कानानं सगळं काम सरळ करून घेतलं. असा नमुनेदार ओटा मिस्त्रीच्या हातून उभ्या जन्मात झाला नव्हता. आणि मिस्त्रीण खाटेवरच.

"मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" जेवताना ती म्हणाली.

"काय?"

"मुद्दाम चुकायलासुद्धा अक्कल लागते हो. तुम्हाला ती सवय नाही. तुम्ही खोटं खणताना पहारसुद्धा लाजते."

मिस्त्रीनं पानातून डोकं वर काढलं नाही.

"नका ना," ती हलकेच म्हणाली. "पाय उचलायला गेले की मला तो उंबरा दिसतो. डोळे मिटले तरी दिसतो. मी काय करू?"

त्या दिवसानंतर मिस्त्रीनं डाव सोडून दिला. उरल्या होत्या फक्त वरच्या फळ्या. त्या त्यानं मन लावून, एकही लबाडी न करता बसवल्या. लाकूड उन्हात वाळून खडखडीत झालं होतं. रंधा मारून मारून त्यानं फळ्या आरशासारख्या केल्या, तळव्यानं चाचपून पाहिल्या. आतून काहीच आवाज आला नाही. ती काही म्हणत नाही म्हणजे काम चोख आहे, असं त्याला वाटलं.

मग पावसाळी झड लागली. धो धो नाही, नुसती भुरभुर, पण दिवसच्या दिवस सूर्याचं तोंड नाही. लेकीचा फोन झाला होता, जरा उघडीप मिळाली की निघते म्हणून. मिस्त्रिणीची बॅग खाटेखाली भरून ठेवलेली होती. हत्यारं गंजू नयेत म्हणून मिस्त्रीनं ती पुढच्या खोलीत आणून ठेवली होती.

सकाळी त्यानं गॅसवर दूध ठेवलं आणि "छप्पर गळतंय का बघून येतो" म्हणत मागच्या दारानं ओट्यावर गेला. अंथरुणावर तुषार येऊ नयेत म्हणून दार ओढून घेतलं. छप्पर टिपूसभर गळत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी मिस्त्रीला जरा बरं वाटलं. ओट्याच्या मधोमध जाऊन त्यानं टाच आपटून पाहिली.

तेवढंच निमित्त झालं. फाट्‌! दारासमोरच्या फळ्या, मांजरीनं पाठीची कमान करावी तशा, एकदम वर उठल्या. दार बाहेर उघडणारं. ते त्या उंचवट्यामागे पक्कं अडकलं.

लाकूड ओल पितं आणि फुगतं. म्हणून ओट्याच्या दोन फळ्यांमध्ये खिळ्याच्या जाडीची फट सोडायची असते, अंग पसरायला. हे मिस्त्रीनं किती घरी किती जणांना सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. आणि स्वतःच्या ओट्यावर त्यानं फळ्या गालाला गाल लावून बसवल्या होत्या. वरचं पाणी छपरानं अडवलं. ओल खालून आली, मातीतून. आणि फट नाही ही गोष्ट कानाला ऐकू येत नाही, म्हणून खाटेवरूनही कुणी टोकलं नव्हतं.

"अगं," मिस्त्री दाराला तोंड लावून म्हणाला, "दार उघडत नाहीये."

"वा," आतून आवाज आला. "मागे खिळे, आज दार."

"खरंच अडकलंय गं."

"मग पुढून या."

"पुढून कडी आहे. मीच लावलीय."

"हो का?"

"आणि गॅसवर दूध आहे."

"दूधपण ठेवलंत? या खेपेला मेहनत घेतलीत हो."

मिस्त्रीनं खिडकीचे गज धरून आत पाहिलं. तीच पाठ, तीच भिंत. त्याच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. दूध उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस तसाच वाहत राहणार. खिडक्या झडीपायी सगळ्या बंद. आणि स्वयंपाकघरात जायचं तर मध्ये तो उंबरा.

"तू उठू नकोस!" तो ओरडला. "ऐकलंस? अजिबात उठू नकोस. मी शेजारी पळतो, कुणाला तरी आणतो, दार फोडतो. तू पडून राहा. हलू नकोस."



ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस सकाळ-संध्याकाळ ऊठ, ऊठ म्हणत आला होता. लाडीगोडीनं म्हणाला, रागावून म्हणाला, लबाडी करून म्हणाला. उठू नकोस असं तो आज पहिल्यांदा म्हणत होता.

ती पाठ वळली. मिस्त्रिणीनं खिडकीकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही भ्यालात?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

खाट कुरकुरली. मिस्त्रिणीनं पाय खाली सोडले. हात लांब करून वॉकर ओढला आणि त्यावरचा सदरा, टॉवेल, सगळा पसारा एका फटकाऱ्यात जमिनीवर लोटला. "घराची काय कळा झालीय," ती पुटपुटली. मग दोन्ही मुठी आवळल्या आणि उभी राहिली. मिस्त्रीनं गज घट्ट धरून ठेवले. तिला हाक मारावी तर तिचं लक्ष ढळेल. तो श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

वॉकर पुढं, पाय पुढं. वॉकर पुढं, पाय पुढं. मग ती खोलीच्या दारातून वळली आणि दिसेनाशी झाली.

मिस्त्री भिंतीला कान लावून उभा राहिला. आता नुसत्या कानानं बघायची त्याची पाळी होती. टक, मग पाय ओढल्याचा आवाज. टक, पुन्हा पाय. मग काहीच नाही. उंबरा आला. मिस्त्रीला सगळी भिंत काचेची झाल्यासारखं दिसलं, ती उंबऱ्यापुढे उभी, खाली बघतेय. बराच वेळ काही वाजलं नाही. दूध उतू गेल्याचा फुस्स आवाज मात्र आला.

टक. वॉकर पलीकडे टेकला. पुन्हा शांतता. आणि मग तिचा आवाज, चढलेला, कुणालातरी दम भरावा तसा: "हो बाजूला!" घरात दुसरं कुणी नव्हतं. ती उंबऱ्यालाच म्हणाली असणार.

गॅसचं बटण कट्‌कन फिरलं.

मिस्त्री घराला वळसा घालून धावत सुटला. आवारात चिखल. ती माती चपलांना चिकटायची म्हणजे काय, पावलागणिक थर चढत गेला आणि पुढच्या दारी पोचेपर्यंत मिस्त्री हातभर उंच झाला. दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागलं असं गावात सांगतात, पण तेवढं काही खरं नाही. कपाळ लागलं असेल.

आतून कडी निघाली. दारात मिस्त्रीण. चेहरा पांढराफटक, पाय लटलट कापताहेत, केस विस्कटलेले. ती त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"त्या पायांनी आत येऊ नका," ती म्हणाली.

त्यानं धरायला हात पुढं केला.

"धरू नका. एकटी आलेय, घटकाभर एकटी उभी राहू दे. दूध अर्धं गेलं."

"जाऊ दे."

"ओटा पुसायचा तुम्ही. स्वयंपाकघरातला."

"पुसतो."

"आणि रडू नका दारात. लोक म्हणतील बायकोनं घराबाहेर काढलं."

तिनं मग एकच धरून ठेवलं: दार कशानं अडलं ते मला बघायचंय. मिस्त्रीनं पुढच्या खोलीतून पहार घेतली, पुन्हा वळसा घालून मागे गेला आणि उठलेल्या फळ्या उचकटून काढल्या. दार उघडलं. मिस्त्रीण वॉकरवर रेलून दाराशी उभी होती. तिनं उरलेल्या फळ्यांवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक डोळा मिटून.

"फट कुठाय?"

मिस्त्रीनं हातातली पहार भिंतीला टेकवली.

"आयुष्यभर लोकांना सांगत आलात, फट सोडा, फट सोडा. हेही मुद्दामच का?"

इथं मिस्त्रीला एक सोपी वाट होती. हो म्हणाला असता तर नाव झालं असतं. बायकोला चालतं करायला दार अडकवणारा मिस्त्री म्हणून गावानं खांद्यावर घेतलं असतं. मान खाली घालून तो म्हणाला, "नाही. खरोखरची चूक. फळ्या बसवताना मला एकच दिसत होतं. तुझ्या वॉकरचा पाय फटीत अडकेल. तू पुन्हा पडशील. दुसरं काही दिसलंच नाही."

"वॉकरचे पाय एवढाले रबराचे. खिळ्याएवढ्या फटीत कसे जातील?"

"नाही जाणार. आत्ता कळतंय."

छपरावर भुरभुर वाजत होती. तिनं वॉकरवरचा एक हात सोडला आणि नवऱ्याच्या बाहीला चिकटलेला चिखल नखानं खरवडून काढला.

"म्हातारे झालात," ती म्हणाली.

"झालो."

"आणि मी पडून राहिले." जरा थांबून तिनं पायापुढच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "आता मी बाहेर कुठून यायचं? मी उभी राहिले तर तुम्ही जमीनच काढून ठेवलीत. खुर्ची आणा. आणि सगळ्या फळ्या काढा. सगळ्या. एकेकीची कड तासायची."

झड सरली तशी लेक गाडी घेऊन आली. पुढचं दार उघडंच. खोलीत बॅग खाटेखाली तशीच, आणि खाट रिकामी. मागच्या आवारातून भांडणाचा आवाज येत होता.

"तुमच्याकडे घ्या म्हटलं ना!"

"माझ्याकडेच घेतोय."

"ती तुमची बाजू नाही, ती फळीची बाजू आहे."

आई ओट्यावर उभी होती, एका हातानं वॉकर, दुसऱ्या हातात सुताचं टोक. बाबा पलीकडे गुडघ्यांवर. लेक दारातच थबकली.

"आई, निघायचं ना?"

"कुठं?" मिस्त्रीण म्हणाली. मग तिला आठवलं. "नाही गं, इतक्यात नाही जमायचं. ह्यांना एकटं सोडलं तर हे घर बंद करून बसतील, आत कुणी, बाहेर कुणी. तू आलीस ते बरं झालं, चहा टाक. आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला सांभाळून."

लेकीनं बाबांकडे पाहिलं. मिस्त्रीनं खांदे उडवले, जसा काही तो त्या गावचाच नाही. मग तो खाली वाकून शेवटची फळी बसवायला लागला. हातात स्क्रू, डोळ्यांत पाणी, आणि नीट दिसत नव्हतं. फळी बसली. फट एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, सरळ सरळ वाकडी. मिस्त्रीला कळलं, आणि तिला कळल्याशिवाय राहणार नाही हेही कळलं. तो बोलणी खायच्या तयारीनं तसाच बसून राहिला.

मिस्त्रीण वॉकर पुढं टाकत आली. फटीशी थांबली. वाकून पाहिलं. एक डोळा मिटला, मान जराशी कलती केली. मग पायाच्या अंगठ्यानं ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, आणि फटीवरून पलीकडे पाऊल टाकून आवाराकडे चालू लागली.

"ते कुंपण बघा," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातला खांब कलायला लागलाय."